पाळीबद्दल काय वाटतं आणि पाळीत काय होतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पत्रांतून आले, निरोपांतून आले, आणि बरेचसे कार्यक्रम संपल्यावर दारापाशी हळू आवाजात विचारले गेले. एकच शंका दहा जणींनी दहा तऱ्हांनी विचारली असेल तिथे ती एकदाच घेतली आहे. बाकी ठिकाणी कुठला प्रश्न पाहायचा ते कंसात दिलं आहे.

१. "पाळीबद्दलचा दृष्टिकोन" म्हणजे नक्की काय? आवडते की आवडत नाही, एवढंच ना?

एवढंच असतं तर हे पान अर्ध्यातच संपलं असतं. १९८० मध्ये जीन ब्रूक्स-गन आणि डायान रूबल या मानसशास्त्रज्ञांनी यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात पाच गोष्टी वेगवेगळ्या मोजतात: पाळीमुळे बाई त्या दिवसांत निकामी होते असं वाटतं का, पाळी कटकटीची वाटते का, स्वाभाविक वाटते का, ती येणार हे आधी कळतं असं वाटतं का, आणि तिचा आपल्यावर काहीच परिणाम होत नाही असं म्हणण्याकडे कल आहे का.

हे सगळं एकाच बाईत सुखाने नांदू शकतं. "कटकट आहे, पण असायचीच" हे मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य. त्यात नावडही आहे आणि स्वीकारही. म्हणून "पाळीकडे चांगल्या नजरेने बघते की वाईट" असा एका ओळीचा हिशेब कुणी मांडला, की मी सावध होते.

२. पोटात कळा येतात त्या शरीरामुळे की मनामुळे? मला "टेन्शन घेऊ नका" एवढंच सांगितलं जातं.

कळ गर्भाशयातून येते. पाळी सुरू होताना गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. त्यांनी गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो, कधीकधी इतका की त्याचा स्वतःचा रक्तपुरवठा काही क्षण कमी पडतो. पाळीत पोट बिघडतं, मळमळतं, त्यामागेही हीच रसायनं असतात. आयब्युप्रोफेनसारखी औषधं ही रसायनं तयार होण्यालाच आळा घालतात. म्हणून असह्य होईपर्यंत थांबून गोळी घेण्यापेक्षा दुखायला लागताच घेतलेली जास्त लागू पडते. (अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.)

मनाचा भाग त्यानंतरचा. कुठलीही वेदना शेवटी मेंदूत जाणवते. अपुरी झोप, भीती, आपलं कुणी ऐकत नाही ही भावना, यांनी तिची धार वाढते. दाढदुखीचंही तसंच असतं. फक्त दाढ दुखणाऱ्याला कुणी "मनाचे खेळ आहेत" असं सांगून घरी पाठवत नाही.

३. मग पाळीकडे सकारात्मक नजरेने पाहिलं तर दुखणं कमी होईल का?

त्यावर भिस्त ठेवू नका.

पाळीबद्दल ज्यांचं मत वाईट असतं त्या त्रासही जास्त सांगतात, असं बऱ्याच पाहण्यांमध्ये दिसलं आहे. हे वाचून लोक लगेच ठरवून टाकतात: मत वाईट, म्हणून त्रास. पण दर महिन्याला जिला उलट्या होतात आणि जी दोन दिवस पोटाशी पाय घेऊन पडते, तिचं पाळीबद्दलचं मत चांगलं राहील तरी कसं? एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे कळत नाही.

दोन्ही एकमेकांना ढकलत असावेत असं मानायला जागा आहे. एकदा जोरात दुखलं की पुढच्या महिन्याची धास्ती बसते. धास्तीने झोप उडते, अंग आखडून राहतं, आणि तेच दुखणं जास्त बोचतं. माहिती मिळाली, कुणाशी बोलता आलं, तर त्यातली धास्ती थोडी कमी होते. आवळलेल्या गर्भाशयाला मात्र औषध किंवा शेक लागतो. माझी तक्रार आहे ती अशी: "नजर बदला" हा सल्ला गोळीच्या जोडीला फार क्वचित दिला जातो. तो बहुधा गोळीऐवजी दिला जातो.

४. पाळीच्या आधी माझा मूड बिघडतोच, दर महिन्याला. मग संशोधक "तसं काही नसतं" असं का म्हणतात?

तसं सरसकट म्हणत नाहीत. पण काही प्रयोग विचारात पाडणारे आहेत, आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहेत.

१९७७ मध्ये डायान रूबल यांनी ४४ विद्यार्थिनींना सांगितलं की एका नव्या तंत्राने त्यांच्या पुढच्या पाळीची तारीख आधीच सांगता येते. खरं तर सगळ्यांचीच चाचणी पाळीच्या सहा-सात दिवस आधी घेतली होती. पण काहींना सांगितलं, "पाळी एक-दोन दिवसांवर आहे." काहींना सांगितलं, "अजून बराच अवकाश आहे." काहींना काहीच सांगितलं नाही. मग त्रास विचारले. पाळी तोंडावर आली आहे असं ज्यांना वाटत होतं त्यांनी दुखणं आणि अंगावर सूज जास्त नोंदवली. शरीर सगळ्यांचं महिन्याच्या एकाच टप्प्यावर होतं, समजूत मात्र वेगळी होती.

१९८८ चा जेसिका मॅकफार्लेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास मला त्याहून आवडतो. त्यांनी स्त्रिया आणि पुरुष अशा दोघांकडून ७० दिवस रोजच्या मनःस्थितीची नोंद घेतली, आणि अभ्यास पाळीचा आहे हे सांगितलंच नाही. स्त्रियांचा मूड पुरुषांपेक्षा जास्त हेलकावे खातो असं त्या नोंदींत दिसलं नाही. नंतर त्याच स्त्रियांना आठवून सांगायला लावलं, तेव्हा त्यांनी पाळीआधीचे दिवस प्रत्यक्ष नोंदीपेक्षा वाईट सांगितले.

म्हणून त्या खोटं बोलत होत्या का? अजिबात नाही. स्मरणशक्ती सगळ्यांचीच अशी चालते. मंगळवारी चिडचिड झाली आणि बुधवारी पाळी आली, की मंगळवार त्या खात्यावर पडतो. तीच चिडचिड पाळीनंतर पंधरा दिवसांनी झाली तर ती साहेबाच्या, ट्रॅफिकच्या, नवऱ्याच्या खात्यावर जाते आणि विसरली जाते. आपल्याला काय दिसणार आहे हे आधीच ठाऊक असलं की तेच ठळक दिसतं. तुम्हाला जाणवतं ते खरंच असेल. तपासायचा मार्ग प्रश्न ६ मध्ये आहे.

५. म्हणजे पीएमएस (पाळीआधी होणारा अंगाचा आणि मनाचा त्रास) हे थोतांड?

नाही. प्रश्न ४ मधले आकडे सरासरीचे आहेत, आणि सरासरीत टोकाची माणसं बुडून जातात. शंभरातल्या दोन ते सहा जणींना पाळीआधी इतकं तीव्र नैराश्य, चीड किंवा घालमेल होते की काम आणि नाती दोन्ही मोडकळीला येतात, आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ते ओसरतं. याला पीएमडीडी म्हणतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत २०१३ पासून हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. या स्त्रियांची हार्मोन बहुधा इतरांसारखीच असतात. त्यांच्या नेहमीच्या चढउतारांना मेंदू देत असलेला प्रतिसाद वेगळा असतो. नैराश्यावरची काही औषधं यावर चांगली लागू पडतात.

पक्कं निदान करायला किमान दोन महिन्यांच्या रोजच्या नोंदी लागतात. नुसत्या आठवणीवर ते करत नाहीत, आणि त्याचं कारण वर आलंच आहे.

जीव द्यायचे विचार मनात येत असतील तर मात्र दोन महिने वही भरत बसू नका. आजच कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

६. नोंदी ठेवा म्हणता, पण कशा?

साधी वही पुरते. रोज रात्री झोपण्याआधी चार आकडे, शून्य ते पाच: दुखणं, चिडचिड, उदासी, थकवा. शेजारी एक ओळ, त्या दिवशी काय झालं याची. "पाहुणे होते", "रात्री तीनला उठावं लागलं", "वादावादी". कितवा दिवस आहे ते त्या पानावर लिहू नका. पाळीच्या तारखा वहीच्या शेवटच्या पानावर स्वतंत्र ठेवा आणि तीन महिन्यांनी जुळवून बघा. मागचं पान उलटून बघायचा मोह आवरा.

एका बाईंनी मला अशी वही दाखवली. चिडचिडीचे चार आणि पाच पाळीआधी पडलेले होते खरे, पण तितकेच दर रविवारीही होते. रविवारी घरात सगळे जमत आणि स्वयंपाकघरात त्या एकट्या असत. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, पाळीचं काही करता येणार नाही, पण रविवारचं बघते.

७. पहिल्या पाळीच्या वेळी मला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. त्याचा परिणाम अजून असेल का?

असू शकतो. रूबल आणि ब्रूक्स-गन यांनी १९८२ मध्ये मुलींच्या पहिल्या पाळीच्या अनुभवाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना तयारी नसताना किंवा बरोबरीच्या मुलींपेक्षा लवकर पाळी आली, त्यांचा अनुभव जास्त वाईट होता. बहुतेक मुलींच्या मनात तेव्हा मिश्र भावना होत्या: थोडी भीती, थोडं अप्रूप, थोडं "आता मोठी झाले".

मोठ्या बायका पहिली पाळी सांगतात तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर येते. रक्त त्यांना अंधुक आठवतं. ते बघून समोरच्या मोठ्या माणसाचा चेहरा कसा झाला, ते लख्ख आठवतं. कुणी दार लावून घेतलं, कुणी आवाज खाली आणला, कुणी भावाला बाहेर पाठवलं. एक शब्दही न बोलता धडा शिकवून झाला.

तरी तो धडा कायमचा नसतो. पुढचे अनुभव, मैत्रिणी, एखादी नीट बोलणारी डॉक्टर यांनी तो बदलतो. जन्मभराचा शिक्का वगैरे मला मान्य नाही.

८. मुलीला कधी आणि काय सांगावं? वडिलांनी सांगितलं तर चालेल का?

पहिली पाळी बहुतेकींना बाराव्या-तेराव्या वर्षाच्या आसपास येते, पण नऊ-दहाव्या वर्षीही येऊ शकते. तेव्हा आठ-नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा बोला. एका बैठकीत सगळं उरकू नका, थोडं थोडं सांगा. गर्भाशय, अंडं वगैरे तिला शाळेतही कळेल. तिला आधी हवं असतं ते हाताशी येणारं: रक्त किती जातं, पॅड कसा लावायचा, वर्ग चालू असताना आली तर कुणाला सांगायचं, डाग पडला तर काय. दुखू शकतं आणि त्यावर औषध असतं, हेही त्यातच आलं. दुखण्याबद्दल मौन पाळलं तर पुढे दुखेल तेव्हा ती तुमच्याकडे येणार नाही.

वडिलांनी सांगितलं तर उत्तमच. मुलग्यांनाही त्याच वयात, त्याच सुरात सांगा. का, ते पुढच्या प्रश्नात.

९. मला स्वतःला काही लाज वाटत नाही. मग लोकांना काय वाटतं याने मला काय फरक पडतो?

२००२ मध्ये टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका बाईच्या पिशवीतून, जणू चुकून, कधी केसांचा चाप खाली पडायचा, तर कधी टॅम्पॉन (पाळीत रक्त शोषून घ्यायला योनीत ठेवतात ती कापसाची सुरळी). बाकी सगळं सारखंच. टॅम्पॉन पडलेला पाहणाऱ्यांनी तिला कमी हुशार ठरवलं, तिच्याबद्दल कमी आपुलकी दाखवली, आणि तिच्यापासून जरा लांब बसण्याकडे त्यांचा कल दिसला. असं करणाऱ्यांत बायकाही होत्या.

म्हणजे तुम्हाला लाज वाटत नसली तरी मधली एक खुर्ची रिकामी राहू शकते. बाहीत पॅड लपवून स्वच्छतागृहाकडे जाणारी मुलगी काही उगाच घाबरट नसते, तिने हा अंदाज बरोबर बांधलेला असतो. त्यामुळे "आधी तू तुझी लाज सोड" हे तिला सांगण्याआधी खुर्ची सरकवणाऱ्यांकडे पाहायला हवं.

१०. "अडचण आहे" म्हटलं तर काय बिघडलं? सगळ्यांना कळतं की.

चारचौघांत काही बिघडत नाही. "कावळा शिवला", "बाहेरची झाले", "डेट आली", ज्याला जे रुचेल ते. घोळ होतो तो डॉक्टरांसमोर. "अडचण जरा जास्त आहे" यातून काय कळणार? किती दिवस, किती पॅड, गाठी पडतात का, हे सांगायला सरळ शब्द लागतात. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर ते जास्त धरतात. मोजमाप घेऊन कुणी बसत नाही, पण लपवून बोलायची सवय लागलेली बाई "जरा जास्त" म्हणत वर्षानुवर्षं रक्त कमी होत हिंडते, असं दिसतं.

११. आई म्हणते, सगळ्यांनाच दुखतं. मग डॉक्टरकडे कधी जायचं?

नेहमीच्या गोळीने भागत नसेल. शाळा किंवा काम दर महिन्याला बुडत असेल. दुखणं वर्षागणिक वाढत असेल. पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल. शौचाला, लघवीला किंवा संबंधांच्या वेळी दुखत असेल. काही तास सलग दर तासाला पॅड बदलावा लागत असेल. रक्त सात दिवसांहून जास्त जात असेल. यातलं एकही पुरे.

एंडोमेट्रिओसिस या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशीसमूह गर्भाशयाबाहेर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रिया-मुलींना तो असतो, आणि निदान व्हायला ४ ते १२ वर्षं लागतात. हा उशीर एकट्या डॉक्टरांमुळे होत नाही. "सगळ्यांनाच दुखतं" हे वाक्य त्यातली पहिली काही वर्षं खातं. आई ते दुष्टपणाने म्हणत नाही. बऱ्याचदा तिलाही तसंच दुखलेलं असतं आणि तिलाही कुणी विचारलेलं नसतं.

१२. पाळीच्या दिवसांत डोकं कमी चालतं का?

लीटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे १९१४ मध्येच तपासलं. २३ स्त्रिया आणि तुलनेसाठी २ पुरुष, रोजच्या रोज हाताची स्थिरता, वेग, रंगांची नावं सांगणं वगैरे चाचण्या. पाळीमुळे कामगिरी खालावते असं त्यात आढळलं नाही. जोराची कळ येत असताना मन लागत नाही हे खरं, पण तो दोष कळेचा. (कळेसाठी प्रश्न २.)

बाकी, हुशार माणसांचंही याबाबतीत किती अज्ञान असतं ते पाहायचं तर अमेरिकन अंतराळवीर सॅली राइड यांचा किस्सा आहे. १९८३ मध्ये त्या आठवडाभराच्या अंतराळ सफरीला निघाल्या तेव्हा नासाच्या अभियंत्यांनी विचारलं, १०० टॅम्पॉन पुरतील ना?

१३. पाळीचं रक्त दूषित असतं हे शास्त्रज्ञांनीही सिद्ध केलं होतं म्हणे?

सिद्ध नव्हे, सुचवलं होतं. १९२० मध्ये बेला शिक या नावाजलेल्या डॉक्टरने पाहिलं की पाळी चालू असलेल्या मोलकरणीच्या हातची फुलं कोमेजली, आणि पाळीच्या रक्तात विष असावं असा तर्क बांधला. त्याला "मेनोटॉक्सिन" असं नावही पडलं. असं विष काही निघालं नाही. पाळीत रक्त, गर्भाशयाचं अस्तर आणि स्राव असतो. प्राचीन रोममध्ये प्लिनीने पाळीच्या बाईमुळे मद्य आंबतं असं लिहून ठेवलं होतं. शिकने त्याच जुन्या समजुतीला प्रयोगशाळेचा कोट घातला.

१४. मला काहीच त्रास होत नाही. मी स्वतःपासून लपवतेय का?

बहुतेक नाही. काहींना खरंच होत नाही. फक्त दुसरीला "मला तर काही होत नाही" असं ऐकवू नका.

१५. "पाळी साजरी करा" हे मला पटत नाही. माझा दृष्टिकोन मागासलेला आहे का?

नाही. दुखणाऱ्या पोटाने आनंद दाखवायची सक्ती हीसुद्धा सक्तीच.

पण प्रश्न कसा विचारला जातो याचा उत्तरावर परिणाम होतो, हे लक्षात घ्या. १९६८ पासून वापरात असलेल्या रुडॉल्फ मूस यांच्या प्रश्नावलीत ४७ बाबी आहेत आणि जवळजवळ सगळ्या त्रासाच्या. १९९४ मध्ये जोन क्रिसलर आणि सहकाऱ्यांनी काही जणींना आधी "पाळीतला आनंद" विचारणारी प्रश्नावली दिली: उत्साह, आत्मविश्वास, एकाग्रता. ती आधी भरलेल्यांनी नंतर पाळीबद्दलची मतं अधिक अनुकूल नोंदवली. यावरून पाळी आनंदाची ठरत नाही. पण नुसतं दुखणंच विचारत राहिलं तर कागदावर दुखणंच उतरणार, एवढं नक्की.

१६. मला पाळी नकोच वाटते, गोळ्यांनी थांबवावी का? हा शरीराचा तिरस्कार झाला का?

डॉक्टरांच्या सल्ल्याने हार्मोनच्या औषधांनी पाळी लांबवता किंवा बंद ठेवता येते, आणि बऱ्याच जणींसाठी ते सुरक्षित असतं. गर्भनिरोधक गोळ्यांच्या मधल्या खंडात येणारा रक्तस्रावही नेहमीची पाळी नसतो, हार्मोन थांबल्यामुळे तो होतो. रक्त "साठून राहत" नाही, कारण अस्तर तेवढं वाढतच नाही. त्रास आहे म्हणून, स्पर्धा आहे म्हणून किंवा कंटाळा आला म्हणून थांबवणं हा तुमचा निर्णय. पुरुष म्हणून जगणाऱ्या काही ट्रान्स व्यक्तींना पाळी आली की आपण कोण हेच नाकारल्यासारखं वाटतं. तिथे पोटदुखीच्या गोळीने काही होत नाही, पाळी थांबण्याने मात्र खूप हलकं वाटू शकतं.

१७. मला दुखत नाही, पण पाळी आली की रडू येतं. हे कशात बसतं?

हे लिहिणाऱ्या बहुतेक जणी बाळासाठी प्रयत्न करत असतात. त्यांच्यासाठी डाग म्हणजे निकाल, तोही दर महिन्याला. याच्या उलट, नको असलेल्या गर्भाची धास्ती घेतलेली मुलगी तोच डाग बघून सुटकेचा श्वास सोडते. चाळिशीच्या पुढे पाळी दोन महिने चुकून पुन्हा आली तर एकीला हायसं वाटतं, दुसरी वैतागते. प्रश्न १ मधल्या पाच खणांत यातलं काहीच नीट मावत नाही.

प्रश्न ६ मधल्या वहीत अशा दिवशी दुखण्यापुढे शून्य लिहा. उदासीपुढे जो असेल तो आकडा लिहा. शेजारच्या ओळीत कारण लिहावंसं वाटलं तर लिहा, नाहीतर ती ओळ कोरी ठेवा. तीन महिन्यांनी ती कोरी ओळ कशासाठी होती हे तुम्हाला आठवेलच.